इथंच जाचं आहे

बालाघाटात ओळखीच्या माणसाला कोणी पायी जाऊ देत नाही. हे आमच्या गावाचं मोठेपण आहे असं लोक म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर मीही म्हणते. ओळखीचं कोणी रस्त्यानं चालताना दिसलं की गाडी थांबवायची, "बस" म्हणायचं, आणि तो नको म्हणाला तर आपलं काय चुकलं ते विचारायचं. गाडीवर आधीच दोघं असले तरी थांबायचंच. तिसऱ्याला जागा करता येते, पण रुसलेल्याची समजूत काढायला आठवडा जातो. अशा गावात पहाटे उठून रस्त्यानं धावायचं ठरवलं तर पाय दुखायच्या आधी लोक दुखावतात.

मी मंजुषा. बायांचे ब्लाऊज शिवते. सगळा जन्म मशीनवर बसून गेला, त्यामुळे जग मी बसूनच पाहिलं. मला राग लवकर येतो आणि आलेला राग मी वाया जाऊ देत नाही. माझा नवरा वीरेंद्र भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीत आहे. तो म्हणतो, खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा तरी वाजवतात, घरी तेवढीही सोय नाही.

माझ्या भावाची मुलगी दीप्ती फॉरेस्ट गार्डच्या भरतीत दोनदा लेखी परीक्षा पास झाली. लेखीनंतर पायांची परीक्षा असते. मुलींनी चौदा किलोमीटर अंतर चार तासांत पार करायचं. ऐकायला यात काही नाही. भाव करत आठवडी बाजार फिरणारी बाईसुद्धा साधारण याच चालीनं चालते. पण सगळ्या पोरी एका जागी जमतात, शिट्टी वाजते, एखादी धावत सुटते, तिला पाहून दुसरी सुटते, आणि मग साऱ्याच जणी मागं वाघ लागल्यासारख्या पळतात. मागच्या खेपेला दीप्ती त्या सगळ्यांच्या पुढं होती. सात किलोमीटर जाऊन वळायचं होतं, तिथपर्यंत पहिली. परत येताना नवव्या किलोमीटरच्या आसपास ती एका मोहाच्या झाडाखाली बसली ती उठलीच नाही. जीपमध्ये घालून आणली. घरी आल्यावर तिनं त्यातून एकच धडा घेतला, की आपला वेग कमी पडला.

यंदाची खेप शेवटची होती. दीप्तीचं साक्षगंध झालं होतं. तिचे होणारे सासरे भैयालाल हा माणूस वाईट नाही, पण शिस्तीचा फार. साक्षगंधाच्या जेवणातच त्यांनी सांगून टाकलं होतं.

"नोकरी लागली तं सोड म्हणणार नाही आम्ही. पण लग्न झाल्यावर हे परीक्षा अन् ते परीक्षा, असं नोको. जे काय आहे ते लग्नाच्या आत."

दीप्तीनं मान खाली घालून "हौ मामाजी" म्हटलं. रात्री मात्र माझ्याकडे येऊन रडली. तिला ती खाकी वर्दी हवी होती. लहानपणापासून हवी होती. तिची मापं घेऊन वर्दी मी शिवीन असं मी तिला सहावीत असताना सांगितलं होतं, आणि मी माझं बोलणं विसरत नाही.

अडचण अशी होती की माझी वहिनी, जिजाबाई, तिला पहाटे एकटीला रस्त्यावर सोडायला तयार नव्हती. भावाचे गुडघे गेलेले. म्हणून वहिनी माझ्याकडे वळली.

"तुमीच जा ना बाई हिच्यासंगं. दिवसभर बसूनच तं राह्यता. थोडं अंग हलन."

मला राग आला. रागाच्या भरात मी हो म्हणाले. माझी बहुतेक पुण्यकर्मं अशीच झाली आहेत.

माझ्याकडे धावायचे जोडे नव्हते. वीरेंद्रचे खाणीतले जुने बूट होते, पुढं लोखंडी टोपी असलेले. वर दगड पडला तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून ते तसे करतात. मी दोन जोड मोजे चढवून ते घातले आणि बाहेर पडले. दीप्तीनं माझ्या पायांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तिनं फोनमधलं काहीतरी सुरू केलं आणि धनुष्यातून सुटावी तशी सुटली.

फोनमध्ये एक बाई होती. दर किलोमीटरला ती इंग्रजीत बोलायची आणि किती वेळ लागला ते सांगायची. ती बोलली की दीप्तीचं तोंड उतरायचं. माझं त्या बाईशी पहिल्या दिवसापासून पटलं नाही. बसल्या जागेवरून दुसऱ्याचा वेग काढणाऱ्या बाया आमच्या गल्लीतही आहेत, त्यांचंही माझ्याशी पटत नाही.

मी त्या बुटांतून पाऊल उचलत निघाले. पहिल्याच वळणावर मागून डब्यांचा आवाज आला. नथ्थू दूधवाला. त्याच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाचे डबे.

"कुठी चालल्या बाई एवढ्या सकाळी? बसा."

मी धावायला निघाले आहे हे सांगायला मला लाज वाटली. शिवाय सवय. कोणी बस म्हटलं की बसायचं, हे अंगात मुरलेलं. मी डब्यांच्या मधे बसले. वाटेत आम्ही दीप्तीला मागं टाकलं. ती कमरेवर हात ठेवून, तोंडानं श्वास घेत उभी होती. नथ्थूनं मला पुलाजवळ सोडलं, आणि बऱ्याच वेळानं दीप्ती पाय ओढत तिथं आली.

"आत्या, तू धावाले आली का नथ्थूकाकाचं दूध वाटाले?"

तिचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी ठरवलं, परीक्षा होईपर्यंत कोणाच्याही गाडीवर बसायचं नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या घरावर संकट आलं. मी शाळेच्या मास्तरांना नको म्हटलं, त्यांनी बायकोला विचारलं की ब्लाऊजच्या शिलाईवरून तुमचं काही वाजलं का. गॅसच्या गाडीवाल्याला नको म्हटलं, त्यानं सिलिंडर दोन दिवस उशिरा आणलं. खाणीत पहिल्या पाळीला जाणारे वीरेंद्रचे मित्र एकेक करून थांबायचे, आणि मी एकेकाला नको म्हणायची. चौथ्या दिवशी वीरेंद्र घरी आला तो डबा आपटूनच.

"तू काहून साऱ्या खाणीले नाही म्हणून राह्यली? लोक मले विचारून राह्यले, वहिनी कायच्यासाठी रुसली."

"मी धावून राह्यली."

"ते धावणं आहे?" तो खरोखर गोंधळला होता. "ते तं म्हणत होते, वहिनीले चालता येऊन नाही राह्यलं, अन् तरी गाडीवर बसत नाही."

माझा वेग हा असा होता. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग बाजारातून पांढरे कॅनव्हासचे जोडे आणले, आणि रविवारी ज्यांना ज्यांना नको म्हटलं होतं त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले. प्रत्येक घरी समजावलं. समजलं कोणालाच नाही. शेवटी वहिनीनंच तोड काढली.

"नाही कायले म्हणता? म्हणा ना, इथंच जाचं आहे."

इथंच जायचं आहे. हे कोणाला लागत नाही. माणूस जवळच जाणार असेल तर त्याला गाडीवर बसवून काय उपयोग? दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्यांना तेच सांगू लागले. भरवेलीच्या रस्त्यावर, जिथं पुढं लांबवर एक घर नाही, नुसतं सागाचं रान आहे, तिथंही मी घामानं निथळत सांगायची, "इथंच जाचं आहे भाऊ." तो रानाकडे पाहायचा, माझ्याकडे पाहायचा आणि मान हलवून निघून जायचा. खोटं आहे हे दोघांनाही माहीत. पण मान ठेवून सांगितलेलं खोटं होतं, म्हणून चालून गेलं.

चाललं नाही ते फक्त नथ्थूपाशी. नथ्थू म्हणाला, "इथंच जाचं आहे तं मी बी इथंच चाललो." आणि त्यानं गाडी अगदी हळू करून आमच्या बाजूला लावली. एक पाय जमिनीला घासत, डबे वाजवत, तो आमच्यासोबत येऊ लागला. रोज. त्याला बोलायला माणूस हवं होतं. म्हशी बोलत नाहीत, आणि गिऱ्हाईक बोलतं ते फक्त पाण्याबद्दल.

मला गप्पांचं वावडं नाही. धावताना बोलता येतं हे मला त्याच्यामुळं कळलं, कारण मी त्याहून जोरात धावूच शकत नव्हते. पण दीप्ती पुढं पळायची, आणि नथ्थू गाडी जरा रेटून तिच्याही बाजूला जायचा.

"दीप्ती बेटा, लग्न कवाचं आहे? पोरगा काय करते? हळद घरीच का?"

दीप्तीच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. फुटणार कुठून, सगळा श्वास पायांना दिलेला. तिनं तीन दिवस उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी नथ्थूनं वहिनीच्या दारात दूध मोजता मोजता तक्रार मोजून दिली.

"पोरगी माजली तुमची वहिनी. नोकरी लागाचीच आहे अजून, अन् आतापासून बोलत नाही."

वहिनी भडकली. तिच्या घरातली पोरगी मोठ्या माणसाला उत्तर न देता जाते म्हणजे काय? लग्नाच्या तोंडावर ही बातमी व्याह्यांकडे गेली तर? संध्याकाळी तिनं दीप्तीला समोर बसवून सांगितलं.

"धाव, नाहीतं रांग. पण मोठ्या माणसानं काही विचारलं तं नीट तोंड भरून उत्तर द्याचं. नाहीतं उद्यापासून घरीच राह्य."

झालं. आता दीप्तीला नथ्थूच्या प्रश्नांना उत्तर देता येईल एवढ्याच चालीनं जावं लागलं. आणि नथ्थूचे प्रश्न हो-नाहीत भागणारे नसत. त्याला सविस्तर लागतं. साक्षगंधात कोणाकोणाला टोपी-दुपट्टा दिला, कोण रुसलं, बुंदी पातळ झाली ती कोणामुळं. दीप्ती माझ्या बाजूला, दात खाऊन, एकेक गोष्ट सांगत धावू लागली. फोनमधली बाई मधेच इंग्रजीत काहीतरी बोलायची. एकदा नथ्थूनं विचारलं, "हे कोण बोलून राह्यली मधामधात?" दीप्तीनं फोन बंद केला. मोठ्यांच्या बोलण्यात मधेच बोलणं बरं दिसत नाही, हे त्या बाईलाही लागू होतं.

आणि मग एक गंमत झाली. पुलापर्यंत पोचून मटकन बसणारी दीप्ती पुलाच्या पुढं जाऊ लागली, कारण बुंदीची गोष्ट पुलापाशी संपली नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही खाण कामगारांच्या कॉलनीपर्यंत गेलो. मग त्याच्याही पुढच्या चहाच्या टपरीपर्यंत. तिथून पुढं नथ्थूचं दूध संपायचं, पण गोष्टी संपायच्या नाहीत. आम्हाला कळायचंही नाही आपण कुठवर आलो ते. परत येताना कळायचं.

दीप्ती मात्र खूश नव्हती.

"आत्या, हे काही धावणं नोहे. हे तं आपण फिरून राह्यलो. बाकीच्या पोरी मैदानात कशा पळतात, तू पाह्यलं का? यानं होईन का माझं?"

"मले काय मालूम बाई," मी म्हटलं. खरंच मला माहीत नव्हतं. रात्री मशीनवर बसले की मलाच वाटायचं, ही पोरगी माझ्या आणि नथ्थूच्या नादानं बुडणार. वेगात धावायचं कसं ते शिकवायला आमच्यात कोणी नव्हतं. आम्हाला फक्त न थांबता जाणं जमू लागलं होतं.

परीक्षेच्या दोन आठवडे आधी, एका रविवारी, आम्ही पुरं चौदा केलं. जाऊन, वळून, परत. नथ्थूनं त्या दिवशी त्याच्या मेहुण्याचं सगळं प्रकरण सांगितलं, आणि ते फार लांब होतं. घरी पोचलो तेव्हा वहिनीचे पोहेसुद्धा झाले नव्हते. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. चार तासांतला किती तरी वेळ उरलेला. दीप्तीनं मान हलवली.

"ते गप्पा मारत गेलो ना आत्या. ते मोजू नोको."

मी कपाळावर हात मारला. गप्पा मारत कापलेलं अंतर जणू पायाखालून गेलंच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मला आत सोडणार नव्हते, म्हणून मी पहाटेच वीरेंद्रला घेऊन त्या मोहाच्या झाडाशी जाऊन उभी राहिले, जिथं मागच्या खेपेला ती बसली होती. तिथून शेवटची रेघ पाच किलोमीटर. वीरेंद्रला खाणीत पाळीवर जायचं होतं, तो मला सोडून गेला. जाताना म्हणाला, "ती आली तं तिच्यावर ओरडू नोको." नवरे कधी कधी नेमकं बोलतात.

आधी जाणाऱ्या पोरी दिसल्या. काय पळत होत्या! वेण्या उडत होत्या, छातीवरचे नंबर फडफडत होते. मागून खात्याची जीप, शिट्ट्या. दीप्ती आली ती जवळजवळ शेवटच्या घोळक्यात. माझ्या जिभेवर "भाग, पळ" आलं होतं, खोटं कशाला बोलू. मी ते गिळलं. ती माझ्याकडे पाहून हसली आणि आपल्या चालीनं पुढं गेली, वळायच्या जागेकडे.

ऊन चढलं. आता पोरी परत येऊ लागल्या. पुढं असलेल्यांपैकी काही जणी आल्या, काही आल्याच नाहीत. दोघी रस्त्याच्या कडेला वाकून उभ्या होत्या. आणि मग वळणावर दीप्ती दिसली. तीच चाल. ती मोहाच्या झाडापाशी आली, झाडाकडे तिनं पाहिलंही नाही, आणि पुढं निघून गेली.

तेवढ्यात बैहरच्या बाजूनं एक मोटारसायकल आली आणि माझा जीव गेला. भैयालाल. बैहरला बहिणीकडे गेले होते, परत येत होते. टाकीवर, दोन गुडघ्यांच्या मधे, बहिणीनं दिलेला मोठा थोरला कोहळा.

परीक्षा आहे एवढं त्यांना माहीत होतं. पण सरकारी परीक्षा म्हणजे पंख्याखाली बसून द्यायची, हाच त्यांचा समज. रस्त्यावर त्यांना दिसली ती घामाघूम, छातीला कागद लावून, उन्हात पायी चाललेली आपली होणारी सून. त्यांनी गाडी तिच्या बाजूला घेतली.

"अवं बेटी! काहून पायी? काय झालं? बस, बस."

दीप्तीनं थांबायला हवं होतं, पाया पडायला हवं होतं. पण तिथं थांबणं म्हणजे मागच्या वर्षीचं झाड. ती थांबली नाही. चालीत फरक न करता, दोन्ही हात जोडून, तोंड भरून म्हणाली, "नमस्कार मामाजी. तबेत बरी आहे ना? आत्याबाई कशा आहेत बैहरच्या? मी नाही बसत, मले इथंच जाचं आहे."

"इथंच कुठी? इथं तं झाडं आहेत."

"जवळच मामाजी."

भैयालाल हे नथ्थू नव्हते. सून उन्हात चालते आणि सासरा गाडीवर, हे लोकांनी पाहिलं तर? ते गाडी तिच्याच चालीनं हाकत, एका हातानं कोहळा सावरत, पुन्हा पुन्हा "बस" म्हणत राहिले. ती पुन्हा पुन्हा पूर्ण वाक्यात, आदरानं, नाही म्हणत राहिली. आणि मागून जीप आली.

"ए लड़की!" जीपमधला खाकीवाला ओरडला. "गाड़ी वाले से क्या चल रहा है? गाड़ी पे बैठी क्या?" त्यानं तिचा नंबर कागदावर उतरवला. "आगे देखते हैं तेरा." आणि जीप धुरळा उडवत पुढं गेली.

मी धावले. मोहाच्या झाडापासून त्यांच्यापर्यंत मी धावले, आणि त्यांना गाठलंही, कारण ते दोघंही गप्पांच्या चालीनं जात होते. एवढ्या महिन्यांत मी कोणाला गाठलं असेल तर ते त्या दिवशी. पण गाठून करायचं काय? हा माणूस बाजूला असेपर्यंत पोरीच्या नोकरीला धोका, आणि परीक्षा कशी असते ते समजावायला बसलं तर दोन किलोमीटर जातील. त्याला तिथून न्यायचा एकच मार्ग होता.

"इवाई," मी म्हटलं, "थांबा. मले सोडून द्या नाक्यापर्यंत. पाय मोडले माहे."

विहिणीकडची बाई स्वतःहून म्हणते, मला बसवा. आता आमच्या मुलखातला कोणता व्याही नाही म्हणेल? ते थांबले. मी बसले. कोहळा माझ्या मांडीवर आला. पण त्यांनी तरी मागं वळून विचारलंच, "अन् दीप्ती?"

"चला तुमी. तिले इथंच जाचं आहे."

गाडी सुटली. मी मागं वळून पाहिलं. दीप्ती लहान लहान होत गेली, पण तिची चाल तीच राहिली.

आणि नेमका समोरून नथ्थू. रिकामे डबे वाजवत, आम्हाला शोधत येत असणार. त्यानं मला पाहिलं, परक्या गावच्या माणसाच्या गाडीवर, कोहळा मांडीवर घेऊन, ऐटीत बसलेली. एवढे महिने मी त्याला नाही म्हटलं होतं. मी ओरडले, "नथ्थूभाऊ, मंग सांगते." त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या मागून खाणीचे दोघं आले, त्यांनीही पाहिलं. रविवारचे सगळे चहा वाया गेले हे मला तिथंच कळलं.

नाक्याजवळ शेवटच्या रेघेपाशी दोरी बांधली होती. पोरी जमिनीवर पडल्या होत्या, कोणी ओकत होती, कोणाची आई वारा घालत होती. मी भैयालालना थांबवून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी तिले बसवून राह्यलो होतो, अन् ते बसली असती तं..."

"तं गेलं असतं सारं."

त्यांनी मला कोहळ्यासकट खाली उतरवलं. मग गाडी स्टँडवर लावली आणि दोरीपाशी जाऊन उभे राहिले.

जीप पुन्हा पुन्हा येत होती. रस्त्यात बसलेल्या पोरींना गोळा करून आणायची. दरवेळी जीप आली की मी डोळे मिटून घ्यायची. माझ्यानं पाहवत नव्हतं. भैयालाल गर्दीतून वाट काढत जीपपर्यंत जायचे, आत वाकून पाहायचे, परत यायचे.

"आपली नाही," ते म्हणायचे.

पुन्हा जीप आली. पुन्हा गेले. परत येताना धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसत होते. "आपली नाही."

तिसऱ्यांदा ते असं म्हणाले तेव्हा मला हुंदका आला. मला वाटलं, आता ही नापास झाली तरी चालेल. मग वाटलं, नाही, अजिबात चालणार नाही.

मग ती दिसली. लांब, उन्हात, तीच चाल. आजूबाजूचे सगळे आपापल्या पोरींना ओरडत होते, भाग, भाग, दौड़. कोणी कोणी पोरगी त्या ओरडण्यानं उठून पळायची आणि दहा पावलांवर कोलमडायची. भैयालालनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या गर्दीच्या वर आवाज काढला.

"हळू ये बेटी! हळू! घाई नाही!"

लोक वळून पाहू लागले. दीप्ती हळूच आली, आणि रेघ ओलांडून चालतच आमच्यापर्यंत आली. वेळ भरपूर उरला होता. चार तासांच्या आत आलं की पास, त्यामुळं तिच्या आधी आलेल्यांनाही तेवढंच मिळणार होतं जेवढं तिला.

पण तो खाकीवाला कागद घेऊन आला. "ये नंबर. बीच में गाड़ी वाला था. बैठी थी?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात भैयालाल पुढं झाले. छाती पुढं काढून, जशी काही त्यांची फिर्याद लिहून घ्यायची आहे.

"साहब, वो गाड़ी वाला मैं हूँ. इसका ससुर. होने वाला. मैंने इसको दस बार बोला, बैठ. ये नहीं बैठी. मेरी गाड़ी को ना बोला इसने." मग माझ्याकडे बोट केलं. "बैठी तो ये बैठी. ये कोहळा लेके."

खाकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. कोहळा अजून माझ्या काखेत होता, तो ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. त्यानं कागदावरची खूण खोडली. "जाओ," तो म्हणाला. जाताना हसू दाबत होता.

दीप्ती मग सासऱ्यांच्या पाया पडली. ते म्हणाले, "थकली का बेटी?"

"नाही मामाजी. बुंदीची गोष्ट आठवत आली. तवा रस्ता समजला नाही."

बुंदी म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही, कारण ती पातळ झाली होती त्यांच्याच भावामुळं.

"आता तरी बसशीन का माह्या गाडीवर?"

ती माझ्याकडे पाहू लागली. कोहळा, सासरा, ती आणि मी, एवढं त्या गाडीवर मावलं असतं. आमच्याकडे मावतं. मी कोहळा तिच्या हातात दिला.

"बस तू. घरी वहिनी वाट पाहून राह्यली असन. मले इथंच जाचं आहे."

ती बसली. वळणापर्यंत मागं वळून हात हलवत राहिली, कोहळा सांभाळत. मी घराच्या रस्त्याला लागले, माझ्या नेहमीच्या चालीनं. धावण्याचं आता काही कारण नव्हतं. वर्दीची मापं घेण्याचं तेवढं राहिलं होतं. पण पाय आपोआप त्याच लयीत पडत होते.

मागून डबे वाजले. नथ्थू. त्यानं बस म्हटलं नाही. रुसलेला होता. पुढं जाऊन थांबला, मी बरोबरीला आले तशी गाडी हळू केली, आणि रस्त्याकडे पाहत विचारलं, "काय झालं मंग पोरीचं?"

मला सांगायचं होतं. जीप, कोहळा, आपली नाही, हळू ये बेटी, सगळं सविस्तर सांगायचं होतं, त्याला लागतं तसं. पण तोंड उघडलं की रडूच येत होतं. गाल पदरानं पुसत मी नुसतीच पुढं पावलं टाकत राहिले.

नथ्थूनं माझ्याकडे पाहिलं, मग गाडी बंद केली, खाली उतरला आणि ढकलत माझ्या बाजूनं चालू लागला.

"दम लागला का बाई?"

मी मान हलवली. हौ.